वाळूवरची साय

बाबा, तुमच्या खोलीत आता मासे राहतात. तुमची खाट होती त्या भिंतीला चार फुटांची काचेची टाकी आहे. आत पाणवनस्पती, एक आडवं लाकूड आणि चार डिस्कस. हा मासा तुम्ही पाहिलेला नाही. गोल आणि चपटा. समोरून पाहिला तर नुसती उभी रेघ. वळला की तळहाताएवढा रंग. तुमची नात पहिल्या दिवशी म्हणाली, "मम्मी, ये मछली है कि नाश्ते की प्लेट?" ती अजूनही मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. तुम्ही तिच्याशी शेवटपर्यंत मराठीतच बोललात. मासे आधी सहा होते. दोन का गेले ते तुम्हाला सांगायला हवं, कारण ते तुम्ही मला दहाव्या वर्षीच सांगून ठेवलं होतं.

टाकी बूढापाऱ्यातून आणली. तलावाकडून आत येणारी ती गल्ली, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागतं. दुकानदाराकडे तीन तऱ्हेचे फिल्टर होते. एक टाकीच्या आतच बसणारा, लहान आणि जोरकस. दुसरा काठावर अडकवायचा, धबधब्यासारखं पाणी सोडणारा. तिसरा बाहेर जमिनीवर ठेवायचा मोठा डबा, नळीनं पाणी नेणारा आणि नळीनं परत देणारा. त्यानं पहिला माझ्या हातात दिला. "ये ले जाओ दीदी, पानी एकदम घूमेगा." मी घेतला. मी एवढंच पाहिलं की पाणी फिरतं आहे आणि स्वच्छ दिसतं आहे. मासे मात्र त्या झोतापासून दूर, एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहायचे. मला वाटलं, लाजतात.

मग दिवाळीची साफसफाई आली. पंखे पुसले, डबे घासले, आणि फिल्टरही उघडला. आतला स्पंज तपकिरी झाला होता, बुळबुळीत. मी तो न्हाणीघरात नळाखाली धरला आणि पाणी नितळ येईपर्यंत पिळत राहिले. नव्यासारखा झाला. ही चूक दुसऱ्या कोणाच्या घरी इतकी पुरेपूर झाली नसती. मी शहराला पाणी पुरवणाऱ्या तुमच्या फिल्टर प्लांटच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. रोज सकाळी नळ आला की पहिला पेला तुम्ही भरायचे, नाकाशी न्यायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "आहे." म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे नदीपासून आपल्या नळापर्यंत पाणी वाटेत कुठे बिघडलेलं नाही. मगच आई ते माठात ओतायची. त्या वासाचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले होते.

तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. मासे काळे पडले, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. पाचव्या दिवशी एक गेला, सहाव्या दिवशी दुसरा. मी दुकानात गेले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फिल्टर धोया क्या?" मी म्हटलं, "हो, अच्छे से." "किस पानी से?" "नल के." त्यानं कपाळावर हात मारला. "दीदी, उसी में तो सब काम करने वाले बैठे थे. आपने पूरी फॅक्टरी को क्लोरीन से नहला दिया."

तिथे, त्याच्या काउंटरपाशी, माशांच्या खाद्याच्या डब्यांसमोर मला तुमचा आवाज ऐकू आला.

मी दहा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे आणि तुम्ही मला प्लांटवर घेऊन आला आहात. खारून नदीच्या काठी वाळूचे दोन जुने लांबरुंद हौद आहेत, स्लो फिल्टर. एकातलं पाणी उतरवलं आहे. खाली वाळूवर एक पातळ तपकिरी थर पसरला आहे आणि माणसं अनवाणी, चपट्या फावड्यांनी तो हलकेच खरवडत आहेत. मी काठावरून वाकते, मूठभर उचलते. ते गार आहे, बुळबुळीत आहे. मी ते झटकते आणि सगळ्यांसमोर म्हणते, "शी! बाबा, तुम्ही ही घाण लोकांना पाजता?" माणसं हसतात. तुम्ही हसत नाही. तुम्ही घरी कधी आवाज चढवला नाही. तिथेही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "घाण नको म्हणू. काम करून राहिलं ते. ते आहे म्हणून तू जित्ती आहे."

मी रडवेली झाले होते. तुम्ही समजूत काढली नाही. माझ्या बोटाला लागलेलं तेच थोडंसं काचपट्टीवर घेतलं, मला प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर उभं केलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. "पाह्य." आधी काही दिसलं नाही, माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. हिरवे काचेचे तुकडे, धागे, आणि त्यांच्यामधून कोणीतरी घाईनं जात होतं. कोणीतरी थांबून गोल गोल फिरत होतं. एका ठिपक्यात एवढी वस्ती. तुम्ही मागून सांगत होता. वाळू नुसती बसायला जागा देते. काम ही साय करते. नदीतलं वाईट ते खाते. हौद खरवडून झाला की लगेच पाणी द्यायचं नाही, पहिले काही दिवस येईल ते वाहू द्यायचं, साय पुन्हा धरेपर्यंत थांबायचं. माणसं त्याला म्हणायची, बेड, म्हणजे वाळूचा थर, पिकून राहिला. मलाई आ गई साहब, असं कोणी सांगितलं की तुम्ही स्वतः जाऊन पाहायचे आणि मगच व्हॉल्व्ह फिरवायचे. "दुसरे फिल्टर घाण अडवतात," तुम्ही म्हणाला होता, "हे खाते."

पुढे राज्य नवीन झालं आणि आपलं शहर राजधानी. तोवर मी नोकरीला लागले होते. रस्ते रुंद झाले, घरं वर चढली, भोपाळहून ऑफिसं आली आणि सगळ्यांना पाणी हवं होतं, आत्ता हवं होतं. ते दोन हौद बुजवायचं ठरलं. मी तुम्हाला विचारलं, वाईट वाटतं का? तुम्ही बूट काढत होता. म्हणाला, "वाईट काहून? ते हौद चुकीचे नाही आणि राजधानीही चुकीची नाही. राजधानीले थांबता येत नाही, एवढंच." मग तुम्ही ते वेगानं गाळणारे नवे फिल्टर निवृत्तीपर्यंत तितक्याच मनानं चालवले. फिल्टर कोणता चांगला असं विचारू नको, असं तुम्ही तेव्हा मला सांगितलं होतं. आधी पाणी कोणासाठी ते विचार, मग त्याले किती घाई आहे ते विचार.

त्या दिवशी काउंटरपाशी मी पहिल्यांदा तसं विचारलं. डिस्कसला घाई नाही. तो चपटा आहे, झोत त्याला ढकलतो. त्याला चैत्रात आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतं तसं कोमट पाणी लागतं आणि तो घाण भरपूर करतो. झाडांनाही खळखळ नको. पृष्ठभाग फार हलला की त्यांना लागणारा वायू उडून जातो. म्हणजे हळू हवं, आणि हळू असूनही पुष्कळ काम करणारं हवं. मी दुकानदाराला विचारलं, "भैया, ह्या तिघांपैकी कोणाच्या आत राहायला जास्त जागा आहे?"

"रहने को?" तो म्हणाला. "दीदी, फिल्टर देख रही हो कि फ्लॅट?"

मग त्यालाच ते पटलं. त्यानं मोठा डबा उघडून दाखवला. खाली जाड स्पंज, घाण अडवायला. वर चिनी मातीच्या सच्छिद्र नळ्या, मूठभर घेतल्या तरी आत कितीतरी पोकळी. पाणी परत येताना भोकांच्या नळीतून येतं. ती नळी मी मागच्या भिंतीकडे वळवली, त्यामुळे टाकीत पानं फक्त श्वास घेतल्यासारखी हलतात. आणि मग मी थांबले, तुमच्या माणसांसारखी. रोज थोडं पाणी बदलायचं, तेही एक दिवस पिंपात उघडं ठेवून वास गेलेलं. तो वास जाऊ द्यायला मी पाणी उघडं ठेवते, हे तुम्हाला कसं वाटलं असतं? नात म्हणाली, "और कितना वेट करना है?" मी म्हटलं, "पिकेपर्यंत." ती हसली. "आप बिलकुल आजोबा जैसे बोल रही हो." पाचएक आठवड्यांनी एका सकाळी पाणी असं झालं की ते आहे की नाही कळेना. मासे कोपरा सोडून मधोमध आले होते. मी डबा उघडला नाही, पण आत काय धरलं आहे ते मला ठाऊक होतं.

त्यानंतरचं सांगण्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. चारांतल्या दोघांनी जोडी केली. रुंद पानावर अंडी घातली, दोघं पाळीपाळीनं पंखांनी वारा घालत राहिले. पहिली अंडी पांढरी पडली, गेली. दुकानदार म्हणाला, आपलं पाणी जड आहे, अर्धं आरओचं मिसळा. मिसळलं. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर मऊ स्पंज चढवला, पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून. दुसऱ्या खेपेला अंडी फुटली. दोन-तीन दिवस पानावर नुसती थरथर होती. मग ती थरथर पानावरून सुटली आणि आईच्या अंगाकडे गेली.

बाबा, हा मासा पिल्लांना स्वतःच्या अंगावरची साय खाऊ घालतो. त्याची कातडी त्या दिवसांत दाट होते, त्यावर एक बुळबुळीत थर येतो आणि पिल्लं तो टोचून टोचून खातात. आई एकटी नाही, बापही. आई थकली की अंग झटकते, एकदाच, आणि सगळी पिल्लं हवेत उडवलेल्या तिळांसारखी सुटतात आणि शेजारी उभ्या असलेल्या बापाच्या अंगाला जाऊन लागतात. तो हलत नाही. त्याचे डोळे लाल आहेत आणि तो मुळीच हलत नाही. नात माझ्या खांद्याला टेकून उभी होती.  ती हळूच म्हणाली, "अरे बापरे, त्यांचा बाबा पण," मराठीत. मी दहा वर्षांची असताना स्टुलावर जशी उभी होते तशीच मी उभी होते, आणि मागून सांगणारं कोणी नव्हतं.

एक सांगायचं राहतं, आणि ते ह्या आरओमुळे वर आलं. ते यंत्र मी माशांसाठी घेतलेलं नाही. तुम्ही आमच्याकडे राहायला आलात त्याच्याआधीपासून ते स्वयंपाकघरात आहे, ओट्याखाली, दाराआड. आल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होता, "मले नळाचंच दे. मी लोकाले पाजलं, मी पण तेच पिईन." मी हो म्हटलं. आणि चार वर्षं तुमच्या तांब्यात आरओचं पाणी भरलं. रस्ते खणलेले होते, नळाला कधी माती यायची, तुमचं पोट नाजूक झालं होतं; कारणं होती. तुम्ही रोज पेला नाकाशी न्यायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "आहे." मला वाटायचं, वय झालं, नाक गेलं. पण ह्याच खोलीतून तुम्ही स्वयंपाकघरात लागलेलं दूध ओळखायचे आणि मला हाक मारायचे. तेव्हा मी ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

आज सकाळी नळ आला तेव्हा पहिला पेला मी भरला आणि नाकाशी नेला. वास होता. एवढा स्पष्ट की लहान मुलालाही कळला असता. म्हणजे चार वर्षं, रोज, तुम्हाला माहीत होतं की तुमच्या पेल्यात तो नाही, आणि तरी तुम्ही "आहे" म्हणत राहिलात.

हे कागद टाकीखालच्या कपाटात, फिल्टरच्या डब्याशेजारी ठेवते. तुमचा म्हणावा असा पत्ता माझ्याकडे तेवढाच आहे. पिल्लं अजून बापाच्या अंगाला आहेत. पेला इथे, टेबलावर भरलेला आहे. दुपार झाली, मी अजून तो प्यायलेले नाही.