पायाखालची टाकी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांसाठी अंगणात नव्या खोलीचा पाया खणायला घेतला आणि अडीच फुटांवर पहार ठणकन वाजली. खाली काँक्रीटचं झाकण! मिस्त्रींनी दोन दिवस घण घातला. घणाचे दोन दांडे मोडले, झाकणाचा टवकाही उडाला नाही. घर बाबांनीच बांधलेलं, तेव्हा त्यांना विचार. आणि तुझ्याकडचे तीन जिने चढताना त्यांचा गुडघा कुरकुरतो, तरी इकडे यायचं नाव काढत नाहीत ना?

लोभ आहेच, पत्र मात्र लवकर यावं.
तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलं. आधी म्हणाले, अंगणात मातीशिवाय काही नाही. मग म्हणाले, माझ्यासाठी खड्डे कसले खणता, मी अजून जिवंत आहे. शेवटी कबूल झाले. ती पाण्याची टाकी! तुझ्या जन्माआधी स्वतःच्या हातांनी बांधली आणि पहिल्याच दिवशी तळातून गळली. आई माहेरी होती. ती हसेल म्हणून ती यायच्या आत माती लोटून वर गुलाब लावले. बिचारी जन्मभर त्या गुलाबांचं कौतुक करत राहिली. कुणाला सांगू नकोस म्हणालेत. मी फक्त ह्यांना, सासूबाईंना आणि शेजारणीला सांगितलंय.

आपल्या लोभाला गळती नसावी.
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. मिस्त्री मात्र म्हणाले, तळ गळू दे, पण हे झाकण ज्यानं ओतलं त्याचे पाय धरायला हवेत. सोमवारी यंत्र आणून फोडतोय. बाबांना सांग.

तुझा धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाय धरायचं वाक्य त्यांनी तीनदा वाचायला लावलं. यंत्राचं ऐकलं मात्र, ताडकन उठले. पिशवीत कपड्यांआधी भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा गेला. सकाळच्या गाडीनं निघालेत. सांभाळ.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाकी शाबूत आहे. बाबांनी झाकणाच्या कडेला बुजलेलं तिचं तोंड शोधून आत दगड-मुरूम भरून चोपून घेतला आणि खोली चार फूट अलीकडे सरकवली. मिस्त्रींनी आखलेली रेघ पुसून स्वतःची मारतात. मिस्त्री त्यांना गुरुजी म्हणतात, आणि मागे वळून कपाळाला हात लावतात. जोतं झालं की परततो म्हणाले होते. मग भिंती झाल्या की. मग छत. काल मिस्त्री म्हणाले, चार दिवसांत काम संपेल, तर बाबांचा चेहरा एवढासा झाला. मी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं, खिडकी काढून पुन्हा बसवा.

त्यांचे उरलेले कपडे पाठव. पण थोडे थोडे पाठव, एकदम आले तर त्यांना कळेल.

तुझा धाकटा