गिअरमधला त्रेचाळीसचा आकडा

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्याला पट्टा असल्यामुळे तो सध्या कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील. गुडघ्याचं पुढे येतंच आहे.) तुमचं ब्लडप्रेशर आणि दादाची कवळी दोन्ही जागच्या जागी असतील अशी आशा करतो. शाळेतून निवृत्त होऊन तुम्हाला चार महिने झाले, म्हणजे एव्हाना बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांची गणितं तपासून संपली असतील आणि लाल पेन दादाकडे वळलं असेल. त्याने फोनवर तसं सूचित केलं. म्हणाला, भाजी चिरतानाही आता कोन विचारते.

आम्ही कंपनी विकली हे तुम्हाला ठाऊक आहेच. कंपनी म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, मी, सोल्डरिंगवाल्या बाई, फिटरकाका आणि आमची प्रोग्रामर, जिला आम्ही सगळे झोपाळू म्हणतो. आमचा माल एकच : पेडलवरचा पायाचा जोर ओळखून सायकलचा गिअर आपोआप बदलणारी डबी. घेणारे आहेत ते साठ वर्षं सायकलच्या चेन आणि दातेरी चकत्या बनवणारे लोक. त्यांच्या मोठ्या मालकांना वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी असा साक्षात्कार झाला की नुसत्या चेनवर आता निभाव लागायचा नाही, सायकलला डोकं पाहिजे. मग त्यांनी मंडईत फिरावं तसं एकेक डोकं विकत घ्यायला सुरुवात केली. टायरमधली हवा मोजणारे घेतले, सीटवर नीट बसलात का ते सांगणारे घेतले, अंधार पडला की स्वतः पेटणारा दिवा करणारे घेतले आणि शेवटी पिशवीत जागा उरली म्हणून आम्हाला. करारात एक ओळ आहे, आणि आमचा सगळा जीव त्या ओळीत आहे : ज्याने वस्तू शोधून काढली तो शोधक, आणि त्याने नेमलेली माणसं, तीन वर्षं कामावर राहतील. शोधक नसेल तर डबी त्यांची आणि आम्ही घरी. मी शोधक म्हणून सही केली. बाकीच्या तिघांची नावं खाली लिहिली. फिटरकाकांनी त्या दिवशी प्रथमच नवी चप्पल घेतली.

आता आम्ही चारही कंपन्या एकाच हॉलमध्ये बसतो. वहिनी, एका घरात चार जावा परवडल्या. प्रत्येक कंपनी येताना स्वतःची विजेची किटली घेऊन आली आणि दुसऱ्याच्या किटलीतला चहा घेणं म्हणजे शरणागती असा सगळ्यांचा समज आहे. बरोबर अकरा वाजता चारही किटल्या एकदम लागतात आणि हॉलचा फ्यूज उडतो. मग वीस मिनिटं सगळे अंधारात एकमेकांच्या तंत्रज्ञानाला नावं ठेवतात. (दिव्यावाले त्या वेळी जरा जास्तच गप्प असतात, कारण त्यांचा आपोआप पेटणारा दिवा तेव्हा कधीच पेटलेला नाही.)

पण खरी गंमत पुढे आहे, म्हणजे माझी सोडून सगळ्यांची. चेनवाल्यांचे एक मुख्य इंजिनिअर आहेत. माणूस इतका नीटनेटका की टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावतो. त्यांनी आमच्या डबीचा प्रोग्राम वाचायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी बोट ठेवलं ते नेमकं त्या आकड्यावर. शून्य पूर्णांक त्रेचाळीस. पायाचा जोर किती वाढला की गिअर हलका करायचा हे तो आकडा ठरवतो. आमच्या डबीत जे काही शहाणपण आहे ते तेवढंच, बाकी प्लास्टिक. शेजारी झोपाळूने फक्त एवढं लिहून ठेवलं आहे की याला हात लावू नये. इंजिनिअरांनी विचारलं, हा आला कुठून? मी म्हणालो, संशोधनातून. ते म्हणाले, कागद दाखवा. मी म्हणालो, कागद बराच मोठा आहे. ते म्हणाले, मग मोठ्या मालकांसमोरच दाखवा, मंगळवारी.

तुम्हाला आठवत असेल वहिनी, नसेल तर मी आठवण करून देतो, कारण मला गेले पाच दिवस दुसरं काही आठवतच नाही. डबी लावलेली पहिली सायकल तुम्ही अकरा महिने शाळेत नेलीत. हँडलला वह्यांची पिशवी, आणि वाटेत तो दवाखान्याजवळचा चढ. रोज संध्याकाळी तुम्ही मला झापायचात, की आज दोन पावलं उशिरा बदलला, आज उगाच बदलला. एका छोट्या वहीत काहीतरी टिपत होतात. मग एकदा पेपर तपासता तपासता मान वर न करता म्हणालात, तिथे त्रेचाळीस घाल आणि पुन्हा मला विचारू नकोस. मी घातला. त्या दिवसापासून सायकल चढावर लोण्यासारखी चालते. तुम्ही विचारू नकोस म्हणालात म्हणून मी विचारलं नाही, मोठ्यांचं ऐकावं असे संस्कार झालेत माझ्यावर. (हे वाक्य दादाला वाचून दाखवू नका, हसून हसून कवळी पडेल.)

मंगळवारच्या आत तो आकडा सिद्ध करायला मी काय काय केलं म्हणून सांगू. शंभर पानांची आकडेमोड केली, उत्तर आलं सतरा. पुन्हा केली, उत्तर आलं उणे. फिटरकाकांना चढावरून अठ्ठावीस वेळा वर पाठवलं, तेव्हा त्यांनी मला माझ्या कुळाबद्दल दोन-चार नव्या गोष्टी सांगितल्या. इतक्यात शनिवारी नीटनेटक्या इंजिनिअरांना त्रेचाळीस हा आकडा डोळ्यांना सहन होईना. त्यांनी कुणाला न विचारता तो उचलून पन्नास केला, की कसा छान अर्धा होतो. आणि त्याच दिवशी मोठ्या मालकांना चारही डोकी बसवलेली सायकल आवारात चालवून बघायची हुक्की आली.

म्हातारा पँटला चिमटे लावून बसला आणि निघाला. सीट म्हणाली, आपण डावीकडे कलला आहात. टायर म्हणाला, हवा कमी आहे. भर दुपारी दिवा पेटला. एवढं सगळं ते सहन करत होते, पण गोदामाचा उतारवजा रस्ता संपून चढ लागला आणि आमचा गिअर बदलेचना. पाय अडकल्यासारखे झाले, सायकल जागेवर थबकली, आणि मग एकदम तीन गिअर खाली गेली. मालकांचे पाय पंख्यासारखे फिरले आणि ते पुठ्ठ्यांच्या ढिगात गेले. मी त्यांना धरायला धावलो तो दिव्यावाल्यांच्या वायरीत पाय अडकून पडलो. गुडघा तिथला. मालकांना काही झालं नाही. पुठ्ठ्यातून उठून त्यांनी एवढंच विचारलं, की काल तर तुमच्या फिटरखाली ही नीट चालत होती, आज कुणी काय बदललं? सगळ्यांनी इंजिनिअरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, यांचा आकडा यांनाच समजावून सांगता येत नाही, म्हणून मी बदलला. वहिनी, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं हेच वाईट.

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. दादाला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा कागदी साष्टांग.

तुमचा एकुलता एक दीर

ता. क. : ती वही कृपा करून कुरिअरने पाठवा. सोमवारपर्यंत पोचली पाहिजे.

ता. क. २ : वहीवर तुमचं नाव असेल तर वरचं पान काढून पाठवलंत तरी चालेल. तीन माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि चौथा मी.

ता. क. ३ : पत्र खिशातच राहिलं. आज मंगळवार. मोठ्या मालकांनी समोर बसवलं आणि विचारलं, आकडा कुठून आला. शंभर पानं माझ्या हातात होती. वरचा ता. क. मला आठवला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की पानं उघडलीच नाहीत. म्हणालो, माझ्या वहिनींचा आहे, अकरा महिने त्यांनी सायकल चालवली आणि मी सही ठोकली. म्हाताऱ्याने ती शंभर पानं माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, साठ वर्षं चेन विकतोय, चालवून बघून आकडा काढणारी ही पहिलीच. करारावर माझं नाव खोडून तुमचं घातलं आहे. उद्या ते स्वतः फोन करतील, उचला. येणार नाही म्हणालात तर कुणी जबरदस्ती करणार नाही, पण मग डबी त्यांची आणि आम्ही घरी.

ता. क. ४ : माणसं आता तुम्ही नेमायची आहेत. बाई, काका आणि झोपाळू यांची नावं मी तुमच्या वतीने लिहून दिली. त्यात त्यांची काही चूक नाही. चौथी ओळ कोरी ठेवली आहे, ती तुम्ही भरा. माझं नाव नाही घातलंत तरी मी समजून घेईन, फक्त दादाला माझी बाजू घ्यायला लावू नका, तो घेणार नाही.