तिला घरी पोचव

किनवट, २ मे १९८३

चि. श्रीमंत, ताईचा जयभीम.

हा कागद आधी एकट्यानं वाच. आईला मोठ्यानं वाचून दाखवू नको.

मी बरी हाय. वसतिगृहाच्या विहिरीला पाणी हाय, पोरींना पुरतंय. गावच्या पत्त्यावर नवा लातूर जिल्हा लिहायचं अजून जमत न्हाई, हात उस्मानाबादकडंच वळतो.

आज्जा निजामाच्या शाळेत शिकलेला. उर्दू कादंबरी समोर धरून आईला लहानपणी मराठीत सांगायचा. दुष्काळात पायी माहेरी निघालेल्या बाईची गोष्ट. खडी फोडताना आई अजून म्हणते ना, "ती पोचली, आपुन बी निभावू"?

तीच कादंबरी मला इथं मराठीत मिळाली. श्रीमंत, ती बाई पोचत न्हाई रे. वाटंतच मरते. आज्जानं आईसाठी शेवट बदलला होता.

आईला ऊन लागत न्हाई ना? टँकर येतो का?

पुस्तक मिळाल्याचं मागच्या पत्रात मीच तिला कळवून बसले, म्हणून ते सोबत पाठवायलेय. ती तुला वाचायला लावणारच. शेवटच्या पानावर अडखळू नको. नजर पुस्तकावरच ठेव, आणि तिला घरी पोचव.

तुझी,
सरजाताई