बत्तीस गावांची पानं

३ सप्टेंबर २०२५, मोरबी

अन् परत तेच! फोन उचलला की आईचं सुरू — "ताई बघ कुठं पोचली, अन् तू बघ, फरशांची खोकी उचलतोय." म्हटलं, आई, नववी नापास पोराला ओझरच्या कारखान्यात विमान बनवायला घेतील का? तर म्हणे, "तोंड चालवायला बरं येतं!" शेवटी मीच फोन ठेवला.

कारण काय, तर वीस तारखेला वेदिकाताईची पुण्यात पक्क्या नोकरीची मुलाखत. टोमॅटोवर जे विषाणू पडतात त्यांच्यावर ती काम करते. आईला त्यातलं काही कळत नाही, पण अर्ध्या सिन्नरला सांगून झालंय.

५ सप्टेंबर

नियाज माझ्या खोलीत राहतो. मालेगावचा, बारावी झालेला. त्याने मोबाईलवर ताईचं नाव टाकलं. एकोणीस पेपर निघाले. "अरे भाई, ये देख! ह्या एकाच पेपरला एकशे एक्केचाळीस!" म्हटलं, काय एकशे एक्केचाळीस? त्यालाबी माहीत नाय. ताईलाच विचारलं. हसली. म्हणाली, "खंडू, आपल्या कामावर भरवसा ठेवून कोणी पुढचं काम केलं, की तो आपल्या पेपरचं नाव लिहितो. तेवढ्या जणांनी लिहिलंय." बाकीच्या अठरांचं मिळूनही एवढं होत नाही. मुलाखतीत तोच पुढं ठेवणार.

कोणता, ते विचारायची गरजच नव्हती. बत्तीस गावांचा.

जेवलो नाही.

६ सप्टेंबर

नियाजने पेपरचं शेवटचं पान काढलं. "तेरा नाम है रे! खंडू सांगळे. आभार मानलेत तुझे!" अख्ख्या खोलीला दाखवलं, वर मलाच चहा पाजायला लावला. स्वतःचं नाव छापलेलं पहिल्यांदाच बघितलं. बघवेना.

७ सप्टेंबर. सुट्टी.

लिहूनच टाकतो. इथं तरी.

२०२०. कोरोना. ताई पुण्यात अडकलेली. तिला बत्तीस गावांतल्या रोगट टोमॅटोची पानं हवी होती, प्रत्येक गावातून दहा. म्हणाली, "तुझ्याकडं गाडी आहे, सगळी वावरं तुला माहीत. तुझ्याशिवाय कोण करणार?" पहिल्याच दिवशी पांढुर्लीला गोरक्षमामाच्या वावरात गेलो. दहा पानं तोडली. लय ऊन. बांधावर बसलो. मग वाटलं, रोग सगळीकडं सारखाच, पानंबी सारखीच, कोण बघतंय! तिथूनच तीनशे वीस पानं तोडली. बत्तीस पिशव्या भरल्या. मार्करने गावांची नावं टाकली — प्रवासी जीप जशी गावोगाव थांबत जाते त्या क्रमाने. मामा ओरडला, "भाच्या, झाडावर ठेव की काही!" मग चार दिवस फोन बंद. मी फिरतोय असं ताईला वाटावं म्हणून. पाचव्या दिवशी खोक्यात बर्फ घालून पानं भाजीच्या टेम्पोने पुण्याला. लय हुशार मी!

अन् ताईला काय सापडलं? बत्तीस गावांत विषाणू एकच, तंतोतंत! एका हंगामात एवढा पसरला कसा — त्याचंच जगाला नवल. सापडणारच ना एकच! एका वावराची पानं ती!

तिचे डोळे जाईपर्यंत ती पानं तपासायच्या यंत्रासमोर बसली असेल. मी बांधावर बसलो होतो.

१३ सप्टेंबर

ताईचा फोन. बेंगळुरूच्या कोणा बाईंनी आपल्याच भागातून पानं नेली. त्यांना चार निरनिराळे विषाणू मिळाले. पत्र आलंय, हे कसं काय म्हणून. ताईच्या सरांनीही विचारलं.

"मी सरांना ठणकावून सांगितलं, त्यांचंच काहीतरी चुकलंय. माझे नमुने माझ्या भावाने स्वतःच्या हाताने तोडलेत."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. हं!

१६ सप्टेंबर

मुलाखत झाल्यावर सांगीन.

१७ सप्टेंबर

नंतर सांगितलं तर? नोकरी लागलेली असणार, अन् ती खोट्यावर बसलेली. आधी सांगितलं तर लागणारच नाही. नियाज म्हणतो, "क्या हुआ रे, खोकं उलटं रचतोय!" दोन पेट्या फुटल्या आज.

१९ सप्टेंबर

सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, भट्टीच्या मागं उभं राहून. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बत्तीसच्या बत्तीस?"

"पांढुर्लीची खरी आहे, ताई."

"म्हणजे एकतीस."

फोन कट. परत लावायची हिंमत झाली नाही.

२४ सप्टेंबर

आज ताईचे मेसेज आले. मुलाखतीत तिने सगळ्यात आधी हेच सांगितलं. पेपर मागं घेतेय म्हणाली. जागा दुसऱ्याला गेली. शेवटचा मेसेज — "रविवारी सिन्नरला येतेय. बत्तीस गावं मी स्वतः फिरणार. तपासणीचा खर्च आता माझ्याच खिशातून. आईला काही बोलू नकोस." मला शिवी नाही, काही नाही. विचारलं, पैसे पाठवू का? तासाभराने उत्तर आलं — "पाठव."

जवळ होते तेवढे सगळे, चौदा हजार पाठवले.