डोंगर खाली आला तेव्हा

दादा,

मी आणि बाबा सुखरूप आहोत, हे आधी सांगते.

सकाळपासून स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकत होतं. दुपारी मागच्या उतारावरची झाडं माझ्या डोळ्यांदेखत कलली आणि जमिनीतून घरघर ऐकू आली. मी बाबांचा हात धरून अंगणात पळाले. पण ते हात सोडवून परत घरात शिरले.

कुठे गेले असतील, सांग बरं? तुझ्या खोलीकडे. तू घर सोडल्यापासून कुलूप असलेल्या त्या दारावर ते दोन्ही मुठी आपटत होते. "अरे ऊठ, बाहेर ये, डोंगर येतोय!" घरात तुझं नावही काढू न देणारे आपले बाबा.

"बाबा, दादा इथे नाहीये," मी ओरडले आणि त्यांना अक्षरशः ओढत बाहेर आणलं. आम्ही रस्ता गाठला आणि अर्धा डोंगर खाली आला. तुझी खोली, स्वयंपाकघर, सगळं मातीखाली गेलं.

आता आम्ही शाळेच्या एका वर्गात आहोत. "त्याला यातलं काही कळवायचं नाही," असं बाबांनी बजावलं होतं, म्हणून हे पत्र चोरून लिहायला घेतलं. पण आत्ताच ते माझ्यासमोर येऊन उभे राहिलेत, चिखलाने माखलेले. म्हणतायत, "त्याला फोन लावून दे. मीच बोलतो."

मग आता हे पत्र कशाला पाठवू? फोन उचल, दादा.

तुझी धाकटी