जाळीवरच्या आडव्या पट्ट्या

बाबा, लालबागच्या नाक्यावरच्या त्या गटाराच्या जाळीवर गेल्या आठवड्यात आडव्या पट्ट्या बसवल्या. बसवून घेतल्या कोणी, तर तुमच्या मुलीने. बढाई मारतेय असं वाटेल. मारतेच आहे.

तुम्ही टाइपरायटर दुरुस्त करायला सायकलवरून पार गिरगावापर्यंत जायचात. कॅरिअरला हत्यारांची पिशवी आणि शाळेला सुट्टी असली की पुढच्या दांडीवर मी. दांडी टोचू नये म्हणून आई जुन्या चादरीची घडी गुंडाळून द्यायची. एखाद्या वकिलाच्या ऑफिसात तुम्ही मशीन उघडून बसलेले आहात, मी खिडकीत बसून बटाटेवडा खातेय, आणि तुमचं मध्येच मागे वळून बघणं चाललंय, मी खिडकीतून वाकत तर नाही ना. असं लक्ष असलेला माणूस त्या नाक्यावर मागून आलेल्या बसला वाट द्यायला जरा कडेला सरकला, पुढचं चाक जाळीत रुतलं आणि हँडलवरून समोर फेकला गेला. उजवं मनगट कायमचं आखडलं. बारीक स्क्रू धरता येईनात, तेव्हा काम सुटलं आणि तुम्ही एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायला लागलात. चाळीत जो विचारपूस करायला येईल त्याला तुमचं एकच, "चूक माजीच. माजां लक्षच नाय होतां." ऐकून ऐकून आम्हीही तेच धरून चाललो. माटुंग्याला कॉलेजात जायला मी सायकल मागितली तेव्हा तुम्ही केवढ्याने ओरडलात! "तुका सायकल कित्याक होयी? तुजां तरी लक्ष खंय असता?" तुम्ही गेलात तेही मनात तेवढंच घेऊन.

सायकल मी पन्नाशीला आल्यावर शिकले, बाबा. नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण लोअर परळच्या ऑफिसात मी आता सायकलनेच जाते. एका सकाळी त्याच नाक्यावर सिग्नलला थांबले होते, सहज खाली नजर गेली. जाळीचे सगळे गज रस्त्याच्या दिशेने उभे, आणि दोन गजांमधली फट अशी की सायकलचं चाक नेमकं आत जावं. मागचे लोक हॉर्न बडवत होते आणि मी सायकलवरून उतरून नुसती बघत उभी. इतकी वर्षं आम्ही तुमच्या लक्षाला बोल लावला! मला रडू यायच्या आधी राग आला, आणि माझा राग तुम्हाला माहीत आहे.

वॉर्ड ऑफिसातला इंजिनिअर पोरगेलासा होता. म्हणाला, "मॅडम, इथे सायकल चालवतंय कोण? रविवारी मरिन ड्राइव्हला जा ना, मस्त रिकामा असतो."

"सोमवारी सांगते," म्हटलं.

आठवडाभर मी रस्त्यात दिसेल त्या सायकलवाल्याला थांबवत सुटले. सोमवारी पाववाले आले, पेपरवाले आले, डबेवाले आले, माटुंग्याकडून येणारा इडलीवाला अण्णा डोक्यावरच्या इडल्यांच्या टोपासकट आला. मसाला कुटायच्या डंकावर काम करणाऱ्या दोन बायका आल्या. सगळ्या सायकली ऑफिसच्या आवारात लागल्या आणि वॉर्डाच्या मोठ्या साहेबांच्या गाडीला आत शिरायला जागा उरली नाही.

"हे काय, मोर्चा आहे का?" साहेबांनी काच खाली करून विचारलं.

"नाही साहेब, पार्किंग," पाववाला म्हणाला. अण्णाने पों पों करून भोंपू वाजवला. अख्खं आवार हसलं.

तो इंजिनिअर पोरगा मात्र चांगला निघाला. पाववाल्याची सायकल घेऊन स्वतः नाक्यावर आला, जाळीवर चाक ढकललं, आणि चाक गपकन खाली. "आयला, अख्खं आत गेलं," एवढंच बोलला. मग जाळी फिरवून बसवायला गेले तर ती लांबट, आडवी बसेना. शेवटी वेल्डिंगवाला आणला आणि गजांवर आडव्या पट्ट्या मारल्या. आता परळपर्यंतच्या सगळ्या जाळ्यांवर मारायचं चाललंय, आणि मी रोज जाता-येता मुकादमासारखी तपासते.

पहिली सायकल माझी घातली. लोक टाळ्या वाजवत होते, डंकावरच्या बायकांनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी फोटोही काढला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. उन्हामुळे, असं मी घरी सांगितलं. पत्र पाठवायला पत्ता नाही म्हणून बरं आहे, तुम्हाला खरं सांगून टाकते. जाळी जवळ आली तशी मी घाबरले आणि डोळे गच्च मिटून घेतले. माझं कशावरही लक्ष नव्हतं, बाबा. आणि चाक सरळ पार गेलं.