पान क्रमांक नसलेलं पुस्तक

३ मार्च, सकाळ
पुस्तक आलं! दोनशे प्रती. चित्रकादंबरी, शब्द एकही नाही, सगळं स्वप्न. घरात पाणी भरतं, कपाटं तरंगतात. बाई खुर्चीत बसून दाराकडे बघत असते, नवरा दुसरीकडे चित्र काढत असतो. शेवटी तो धावत पोचतो. खुर्ची रिकामी, खिडकीतून एक पाखरू उडून जातंय.

उघडच सांगायचं तर ही माफी आहे. लेकीची. बायकोनं दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा मी घरी एक चित्र पुरं करत बसलो होतो. 'अर्ध्या तासात पोचतो' म्हणालो होतो. दीड तास लावला. लेक अकरा महिने बोललेली नाही.

पहिली प्रत तिला कुरिअर केली. स्वतः चाळली नाही. आपलंच काम चाळत बसणं हा हलकेपणा. रविवारपर्यंत तिचा फोन येणार म्हणजे येणार.

५ मार्च
शेजारच्या काकूंना प्रत दिली. म्हणाल्या, चित्रं सुरेख आहेत हो, पण ती बाई नक्की गेली की राहिली? मी नुसता हसलो. सामान्य वाचक, चालायचंच.

७ मार्च, दुपार
लायब्ररीत गेलो. ग्रंथपाल म्हणाला, शेवट काळजात घुसला. ती परत येऊन खुर्चीत बसते आणि हसते, वा!

कोण परत येते?

घरी येऊन प्रत उघडली. शेवटचे दोन फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, मागचा पुढे, पुढचा मागे असे शिवलेत. मी आधी पोचतो, ती नंतर खुर्चीत हसते. दुसरी प्रत तशीच. तिसरीही. बाइंडरला फोनवर झाडलं. तो शांतपणे म्हणाला, साहेब, शब्द नाहीत, निदान पानांना नंबर तरी घाला म्हणून तीनदा सांगितलं होतं. आणि मी त्याला सांगितलं होतं, स्वप्नाला कुणी नंबर घालतं का?

माझं बरोबरच आहे म्हणा. कलेतलं त्याला काय कळतंय!

सगळ्या प्रती उसवून देतो म्हणाला. उद्या सकाळी उठून पहिलं काम, लेकीला कळवायचं.

९ मार्च
रविवार कालच गेला. कुरिअरवाले हल्ली फार रेंगाळतात.

मेहुणे आले होते. हिचे धाकटे भाऊ. पुस्तक मांडीवर ठेवून ढसाढसा रडले. म्हणाले, भावजी, ताईला परत आणलंत. आता त्या माणसाला फर्म्याचं काय सांगू? चहा टाकायला उठलो. 

११ मार्च
पेपरच्या पुरवणीतल्या बाईंचा फोन, मुलाखतीसाठी. शेवट असा का, म्हणाल्या. म्हटलं, मुद्दाम. सगळ्यांना दिसतंय त्याअर्थी माझ्या मनात असणारच. बाइंडरला कळवलं, काही उसवायचं नाही.

१२ मार्च
लेकीला कळवायचं राहिलं. घसा बसलाय. शिवाय आधी तिची प्रतिक्रिया येऊ दे, वाचकाच्या डोक्यात आपण काही भरवू नये.

१५ मार्च, रविवार
मुलाखत छापून आली. मथळा: 'शेवट मी मुद्दाम तसा केला.' फोटो बरा आलाय.

साडेअकराला लेकीचा फोन! मी लगेच म्हणालो, वाचलंस ना?

वाचलं, म्हणाली. बाबा, मी तिथं होते. आई दीड तास दाराकडे बघत होती. बाहेर चप्पल वाजली की हसायची, तिला वाटायचं तुम्ही आलात. आणि पुस्तकात तुम्ही पोचता, मग ती परत येऊन हसते. छान जमवलंत.

मी सांगितलं, अगं बाइंडरची चूक आहे, शपथ. ती म्हणाली, पेपर माझ्या हातात आहे. आणि फोन ठेवला.

दुपारी जेवलो नाही. चूक बाइंडरचीच आहे. चूक त्याचीच.

१६ मार्च
बाइंडरकडे गेलो. एक प्रत उसवायला सांगितली. त्यानं दोरा कापून चारही घड्या माझ्यासमोर ठेवल्या आणि कानावरची पेन्सिल दिली. मी बसून नंबर घातले. एक ते चौसष्ट. अठ्ठेचाळीसवर ती दाराकडे बघून हसते. एकोणपन्नासपासून मी धावतोय. चौसष्टवर खुर्ची रिकामी.

अठ्ठेचाळीस लिहिताना फार रडू आलं. बाइंडर उठून बाहेर गेला.

त्यानं ओळीनं शिवून दिलं. कुरिअर केलं. सोबत चिठ्ठी घालणार होतो, नाही घातली.

२१ मार्च
लेकीचा मेसेज आला. 'मिळालं.'

एवढंच. अर्थ लावत बसलो नाही.